वजनाशी वैर : स्कीच्या बोटीपासून नगरच्या इंजिनापर्यंत

१/२५
ही दोन यंत्रांची गोष्ट आहे. पहिले यंत्र म्हणजे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात पश्चिम जर्मनीत तयार झालेली एक चिमुकली बोट. वॉटर स्कीइंग करणाऱ्याला ती दोरीने ओढत नेई, पण तिच्यात चालक नसे. दुसरे यंत्र म्हणजे ५ एप्रिल २००९ च्या रविवारी सकाळी कर्नाटकात कोलारजवळ आकाशात झेपावलेले एक विमान. त्यात वैमानिक नव्हता. बोटीत आणि विमानात एकाच जातीचे इंजिन होते, आणि विमानाच्या इंजिनावर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अभियंत्यांचे हात फिरले होते.

२/२५
प्रथम पाण्याकडे वळावे लागेल. २ जुलै १९२२. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील पेपिन सरोवर. रॅल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा तरुण दोन लाकडी फळ्यांवर उभा राहून पाण्यावरून घसरत गेला. पुढे बोटीत त्याचा भाऊ बेन होता. पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून रॅल्फचे आधीचे प्रयत्न फसले होते. मग त्याने रुंद फळ्या आणल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि मागे रेलून उभे राहण्याची युक्ती शोधली. वॉटर स्कीइंगचा जन्म तो हाच. त्या बोटीत मालमोटारीचे इंजिन बसवलेले होते, ही गोष्ट पुढील कथेसाठी लक्षात ठेवावी.

३/२५
खेळ जन्मला आणि त्याबरोबर एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला : वजन. संथ चालणारी बोट आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढला की तिचा तळ पाण्यावर उचलला जातो आणि ती पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरू लागते. या उचलण्यासाठी लागणारी शक्ती वजनाबरोबर वाढते. शिवाय जड बोट आपल्यामागे मोठी लाट सोडते, आणि स्कीवरच्या माणसाला नेमकी तीच लाट ओलांडायची असते. म्हणून स्कीची आदर्श बोट हलकी हवी, पण इंजिन मात्र जोरकस हवे. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी आहेत, कारण जोरकस इंजिन म्हणजे जड इंजिन, असाच दीर्घकाळचा अनुभव होता.

४/२५
बोटीच्या अंगाचा प्रश्न आधी सुटला. लाकूड मुळात हलके असते. चांगल्या सागाचे वजन पाण्याच्या सुमारे दोन तृतीयांश भरते. पण लाकूड पाणी पिते, कुजते आणि जोडांच्या ठिकाणी सैल होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचेचे बारीक तंतू आणि रसायनांची राळ यांपासून फायबरग्लास हा पदार्थ पुढे आला. तो पाण्याहून जड, पण इतका मजबूत की त्याचे पातळ कवचही पुरे होई. साच्यात घालून एकसंध अंग घडवता येई. जोडच नाहीत तर गळती कुठून होणार? १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत खास स्कीसाठी फायबरग्लासच्या बोटी येऊ लागल्या. 'स्की नॉटिक' हे त्यांतले प्रसिद्ध नाव.

५/२५
इंजिनाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. या बोटींच्या मध्यभागी अमेरिकन मोटारींची आठ सिलिंडरांची, बिडाच्या ठोकळ्याची इंजिने बसवली जात. बीड पाण्याच्या सातपट जड. इंजिनाचे वजन काहीशे किलो भरे. ते मध्यभागी ठेवण्याचे कारण एवढेच की बोट मागे कलू नये आणि लाट सपाट राहावी. म्हणजे अंग हलके झाले, पण हृदय जडच राहिले. ॲल्युमिनियमची घनता बिडाच्या निम्म्याहूनही कमी. मग इंजिनच ॲल्युमिनियमचे आणि आकाराने इवलेसे करता आले तर? या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले ते मोटार चालवण्याचा परवानाही नसलेल्या एका माणसाने.

६/२५
फेलिक्स वांकेल. जन्म १३ ऑगस्ट १९०२, जर्मनीतील लार. विद्यापीठाची पदवी नाही, दृष्टी अतिशय अधू, म्हणून आयुष्यभर वाहन परवाना नाही. त्याच्या चरित्राची काळी बाजूही सांगायलाच हवी. तो तरुणपणीच नाझी पक्षात गेला. पुढे स्थानिक पुढाऱ्याशी बिनसल्याने पक्षाबाहेर पडला आणि १९३३ मध्ये काही महिने तुरुंगात राहिला. हिटलरच्या वर्तुळातील विल्हेल्म केप्लर याच्या मध्यस्थीने तो सुटला. त्यानंतर लिंडाऊ येथे विमान खात्यासाठी त्याने जे काम केले, ते फिरत्या झडपांचे आणि त्यांच्या फटी बंद ठेवणाऱ्या पट्ट्यांचे. 'फट बंद ठेवणे' हाच त्याच्या आयुष्याचा ध्यास होता, आणि पुढे त्याच्या इंजिनाचे दुखणेही तेच ठरले.

७/२५
नेहमीच्या इंजिनात दट्ट्या खाली-वर होतो. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा थांबतो आणि दिशा बदलतो. या धावण्या-थांबण्यातूनच कंप निर्माण होतो, आणि तो सोसण्यासाठी सारे भाग जड करावे लागतात. वांकेलचा विचार असा की दट्ट्या थांबूच नये, तो फिरत राहावा. कमरेशी किंचित आत दबलेल्या लांबट कोठीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला टेकलेली असतात. त्रिकोण आणि भिंत यांच्यातील तीन कप्पे फिरताना लहान-मोठे होतात, आणि त्यातच इंधन ओढणे, दाबणे, पेटणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे उरकतात. झडपा नाहीत, त्या उघडणाऱ्या दांड्या नाहीत.

८/२५
त्यातील गणितही सुंदर आहे. त्रिकोण एक फेरा पुरा करतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेरे घेतो, आणि तेवढ्यात तीन स्फोट होतात. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. शाफ्ट मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० स्फोट. एका सिलिंडरच्या चार टप्प्यांच्या इंजिनात याच वेगाला ५० होतात. लहान जागेत, थोड्या भागांत आणि कमी कंपात जास्त शक्ती, हे या इंजिनाचे आकर्षण. १९५१ मध्ये वांकेलचा नेकार्सुल्म येथील एनएसयू कंपनीशी करार झाला आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिले इंजिन तेथे चालू झाले. त्याला साधे व व्यवहार्य रूप दिले ते हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने.

९/२५
आता पहिल्या यंत्राची पाळी. एनएसयूने हे इंजिन मोटारीत घातले, हे सर्वज्ञात आहे. १९६४ पासून विकली गेलेली 'स्पायडर' ही वांकेल इंजिनाची जगातील पहिली मोटार. परंतु त्याच सुमारास कंपनीने 'स्की-क्राफ्ट' नावाचे एक खेळणेवजा वाहनही काढले. सुमारे १५० घनसेंटिमीटर कप्प्याचे, एकाच त्रिकोणाचे इवले इंजिन एका छोट्या बोटीत बसवले. बोटीत माणूस नाही. स्कीवर उभा असलेला माणूसच मागून, हातातल्या मुठीतून तिला हाकणार. चालकाचे वजन गेले, मोठ्या अंगाचे वजन गेले, जड इंजिनाचे वजन गेले. वजनाच्या प्रश्नाला याहून सडेतोड उत्तर कोणते असणार!

१०/२५
वांकेलचे स्वतःचे मनही पाण्यात गुंतलेले होते. लिंडाऊ हे बोडन सरोवराच्या काठचे गाव. तेथील आपल्या संशोधन केंद्रात त्याने 'झिश' नावाच्या वेगवान बोटींवर काम केले. जपानच्या यानमार कंपनीने बोटीच्या मागे टांगायची रोटरी इंजिने काढली. अमेरिकेतील आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने १९७० च्या दशकात रोटरी इंजिनाच्या बोटी शर्यतीत उतरवल्या. काही वर्षे असे वाटत होते की पाण्यावरचे भविष्य या फिरत्या त्रिकोणाचेच आहे. ते तसे झाले नाही. का झाले नाही, हे समजले की नगरच्या अभियंत्यांसमोर पुढे काय वाढून ठेवले होते, तेही समजते.

११/२५
त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते. शेजारच्या दोन कप्प्यांतील वायू एकमेकांत मिसळू न देणे हे तिचे काम. ती पट्टी भिंतीवर अखंड घासत धावते, आणि धावताना थरथरते. या थरथरीमुळे कोठीच्या आतील भिंतीवर आडवे चरे उमटू लागले. जपानमध्ये माझदाने १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतला होता. केनिची यामामोतो यांच्या पथकाने या चऱ्यांना नाव दिले, 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'. असंख्य प्रयोगांनंतर कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी त्यांना सापडली, आणि मे १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' ही मोटार बाजारात आली.

१२/२५
दुसरी अडचण भिंतीची. दट्ट्याच्या इंजिनात एकाच जागी आलटून पालटून थंड वायू आणि ज्वाला येतात. वांकेलमध्ये मात्र कोठीची एक बाजू कायम गार आणि दुसरी कायम तापलेली. ही उष्णता झटपट वाहून नेणारा धातू हवा, म्हणजे ॲल्युमिनियम. तो हलकाही आहे. पण मऊ ॲल्युमिनियमवर कठीण पट्टी घासली की तो झिजणार. उपाय निघाला १९६७ मध्ये. जर्मनीतील माले कंपनीने निकेलच्या थरात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण रोवलेला 'निकासिल' हा लेप तयार केला, तो मुळात रोटरी इंजिनासाठीच. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे सहाणेच्या चाकात असते तेच कठीण द्रव्य. अंग ॲल्युमिनियमचे, त्वचा जणू सहाणेची, अशी ही रचना.

१३/२५
तंत्र सुधारत होते, पण काळ फिरला. एनएसयूची 'रो ८०' ही १९६७ ची देखणी मोटार पट्ट्यांच्या बिघाडांनी बदनाम झाली. १९६९ मध्ये कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. १९७३ मध्ये तेलसंकट आले. वांकेलचा ज्वलनाचा कप्पा लांबट आणि चपटा असल्याने इंधन पुरते जळत नाही. म्हणून इंजिन तहानलेले. महाग तेलाच्या जगात ही तहान परवडणारी नव्हती. बोटींच्या बाजारात स्वस्त, परिचित इंजिने टिकून राहिली. मोटारीत माझदा एकटी लढत राहिली. १९९१ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने याच इंजिनावर जिंकली. बाकीच्यांनी मात्र हा नाद सोडला.

१४/२५
एक क्षेत्र मात्र असे होते, जिथे या इंजिनाचे दोष क्षम्य आणि गुण अमूल्य ठरले. ते क्षेत्र म्हणजे वैमानिकरहित विमान. तेथे प्रत्येक किलो मोजून घ्यावा लागतो. कंप कमी असेल तर पोटातील कॅमेऱ्याचे चित्र स्थिर राहते. इंजिन लहान असल्याने वाऱ्याला अडसर कमी होतो. आणि अशा विमानाच्या इंजिनाकडून मोटारीसारखी लाख किलोमीटरची अपेक्षा नसते. ब्रिटनमध्ये नॉर्टन मोटारसायकलींसाठी विकसित झालेले रोटरी तंत्र अखेर याच वाटेने गेले. चालक नसलेल्या बोटीतून निघालेली ही कल्पना अशी वैमानिक नसलेल्या विमानात जाऊन स्थिरावली.

१५/२५
आता नगर. सीना नदीकाठी १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचे धातूशी नाते जुने आहे. १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने येथे 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची ही तोफ सुमारे ५५ टन वजनाची. ती आधी परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला. आजही तेथील बुरुजावर आहे. त्या युगात सामर्थ्य म्हणजे वजन असे साधे समीकरण होते. त्याच नगरात साडेचार शतकांनंतर वजन उतरवण्याचे शास्त्र शिकले जाणार होते.

१६/२५
त्या शास्त्राचे घर म्हणजे व्हेइकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, नगरकरांच्या तोंडी नुसते 'व्हीआरडीई'. तिचे मूळ आहे रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्कराने १९२९ मध्ये तेथे यांत्रिक वाहनांची तपासणी करणारी संस्था उभारली. घोडे आणि खेचरे जाऊन मालमोटारी येण्याचा तो काळ. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ही संस्था अहमदनगरला आली. देशाच्या वाटणीत माणसांची ताटातूट झाली तशी संस्थांचीही झाली. नगरात ती जिथे रुजली, त्या वसाहतीचे नावच पुढे 'वाहननगर' पडले.

१७/२५
नगर हे तिच्यासाठी योग्य ठिकाण होते. १९४८ पासून येथे चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षणशाळा आहे. रणगाड्यांचे संग्रहालयही याच शहरात. १९५८ मध्ये डीआरडीओची स्थापना झाल्यावर वाहनसंशोधन त्या छत्राखाली आले. पुढे रणगाड्यांचे मुख्य काम चेन्नईजवळच्या आवडीला गेले आणि १९७६ मध्ये तेथे स्वतंत्र संस्था झाली. नगरकडे चाकांवरची लष्करी वाहने, त्यांची इंजिने आणि चाचणीपथ राहिले. खडी, चढ, चिखल आणि पाणी यांतून वाहनांना पिटाळून त्यांच्या सहनशक्तीची परीक्षा घेणे हे येथले रोजचे काम. अशा संस्थेकडे विमानाचे इंजिन आले ते कसे?

१८/२५
बंगळुरूच्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने भारतीय लष्करासाठी 'निशांत' हे टेहळणीचे वैमानिकरहित विमान तयार केले होते. त्याला धावपट्टी लागत नसे. ट्रकवर बसवलेल्या प्रक्षेपकातून ते गोफणीतल्या दगडासारखे फेकले जाई आणि परतल्यावर हवाईछत्रीने खाली येई. वजन सुमारे ३८० किलो, आणि सुमारे साडेचार तास आकाशात राहण्याची क्षमता. सीमेपलीकडे पाहणारे हे डोळे भारतीय होते, पण त्यांना आकाशात धरून ठेवणारे इंजिन परदेशातून येत होते. सारी गोम तिथेच होती.

१९/२५
मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेसह अनेक देशांनी भारतावर निर्बंध लादले. डीआरडीओच्या प्रयोगशाळा त्या याद्यांत होत्या. त्याआधीच १९८७ पासून क्षेपणास्त्रे व वैमानिकरहित विमाने यांच्या तंत्रज्ञानावर आंतरराष्ट्रीय नियंत्रणव्यवस्था लागू होती, आणि भारत त्या गटात २०१६ पर्यंत नव्हता. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, कारगिलच्या युद्धाने आकाशातील टेहळणीचे मोल रक्ताच्या किमतीत शिकवले. एका लहानशा इंजिनाचा पुरवठा कोणी थांबवला तर सारे विमान जमिनीवर बसणार. म्हणून हे इंजिन स्वतः बनवायचे ठरले.

२०/२५
काम तिघांत वाटले गेले. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, इंजिनाचा गाभा हाती घेतला : खास ॲल्युमिनियम मिश्रधातूची ओतकामे आणि कोठीच्या आतला निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप. नगरच्या व्हीआरडीईने प्रज्वलन आणि इंधनपुरवठा यांसारख्या प्रणाली सिद्ध केल्या. विमानात बसवून उड्डाणचाचणी घेण्याची जबाबदारी बंगळुरूच्या विमानसंस्थेची. नगरच्या वाट्याला आलेले काम दुय्यम वाटेल, पण तसे ते नाही. योग्य क्षणी ठिणगी पडली नाही किंवा इंधनाचा थेंब कमी-अधिक झाला, तर उत्तम ओतलेला गाभाही निर्जीव धातूच. रस्त्यावर बंद पडलेली गाडी ढकलता येते. आकाशात ती सोय नाही.

२१/२५
हाती आले ते ५५ अश्वशक्तीच्या वर्गातील, एकाच त्रिकोणाचे इंजिन. जोडयंत्रणा वगळता त्याचे वजन सुमारे ३० किलो. धडधाकट माणूस उचलू शकेल एवढे. म्हणजे किलोमागे जवळजवळ १.८ अश्वशक्ती. मलिक-ए-मैदानच्या ५५ टनांत अशी सुमारे १,८०० इंजिने बसतील. दोन्हींत ओतकामाची विद्या आहे. रूमीच्या कारागिरांना जाड भिंत न तडकता थंड करायची होती. इथे पातळ भिंत वितळू न देता तापू द्यायची होती, आणि तिच्यावरचा लेप सेकंदाला शंभराहून अधिक स्फोट सोसूनही सुटू द्यायचा नव्हता.

२२/२५
जमिनीवरच्या दीर्घ चाचण्यांनंतर प्रमाणन संस्थेने उड्डाणाची तात्पुरती परवानगी दिली. ५ एप्रिल २००९. कोलारजवळ दुसऱ्या महायुद्धातील एक ओसाड धावपट्टी आहे. सकाळीच निशांत तेथून झेपावले. ते सुमारे १.८ किलोमीटर उंचीवर चढले, अर्ध्या तासाहून अधिक काळ उडत राहिले आणि ठरलेल्या जागी सुखरूप उतरवले गेले. भारतात घडवलेल्या रोटरी इंजिनावरचे वैमानिकरहित विमानाचे हे पहिले उड्डाण. पेपिन सरोवरावर भावाच्या बोटीमागे रॅल्फ पहिल्यांदा उभा राहिला तेव्हाही सारा खेळ काही मिनिटांचाच होता.

२३/२५
पुढची हकिगत मात्र विजयगाथेसारखी नाही, आणि इतिहास सांगताना ती लपवता येत नाही. लष्कराला निशांत जातीची चार विमाने मिळाली. २०१५ च्या अखेरीपर्यंत ती चारही अपघातांत गेली आणि नवी घेण्याचा विचार सोडून देण्यात आला. इंजिनाला घर हवे होते, ते घरच राहिले नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते. एनएसयूचे इंजिन जगले आणि एनएसयू गेली. येथे इंजिन सिद्ध झाले आणि विमान गेले. एखादा भाग उत्तम असणे आणि सारी व्यवस्था टिकणे, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

२४/२५
तरीही शिकलेले वाया गेले नाही. मोठ्या वैमानिकरहित विमानांसाठी १८० अश्वशक्तीच्या वर्गातील दट्ट्याच्या इंजिनाचे काम पुढे याच व्हीआरडीईने हाती घेतले. आणि पाणीही या संस्थेपासून दूर राहिले नाही. टाटा मोटर्सच्या सहकार्याने तिने आठ चाकांचे चिलखती वाहन विकसित केले; २०१४ मध्ये ते जनतेसमोर आले. ते जमिनीवर धावते आणि पाण्यात तरंगून पुढे सरकते. तेथे पुन्हा तोच सनातन हिशेब : चिलखत जाड केले तर सैनिक सुरक्षित, पण वाहन बुडते, पातळ केले तर तरंगते, पण गोळी आत येते. स्कीच्या बोटीचे कोडे येथे जीवन-मरणाचे होते.

२५/२५
खेळाच्या बोटीपासून युद्धाच्या विमानापर्यंतचा हा प्रवास एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो : तेवढेच काम कमी वजनात होईल का? त्याचे उत्तर एका देशाने शोधले नाही. मिनेसोटाच्या तरुणाने फळ्या उकळल्या, लिंडाऊच्या अर्धदृष्टी माणसाने त्रिकोण फिरवला, हिरोशिमाच्या अभियंत्यांनी सैतानाची नखे छाटली, बंगळुरूने धातू ओतला आणि नगरने ठिणगी दिली. विजापूरच्या बुरुजावर नगरची जड तोफ आजही बघ्यांची गर्दी खेचते. ३० किलोचे ते इंजिन कोणत्याही बुरुजावर नाही. पण नगरच्या धातुविद्येचा इतिहास लिहायचा झाला, तर त्या तोफेच्या शेजारी एक पान या इंजिनासाठीही राखून ठेवावे लागेल.